उडीच्या आधीची सही



विहिरीत उडी मारणे तुम्हाला नवे नाही. आम्हीही लहानपणी मारली. पहिल्या दिवशी घरच्या मोठ्या माणसाने आमच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला. कंबरेला दोर बांधला. दोराचे दुसरे टोक आपल्या मनगटाला गुंडाळले आणि म्हणाला, "मी आहे. मार उडी." आम्ही डोळे मिटले आणि उडी मारली. उडी आमची होती खरी, पण भरवसा त्या दोरावर होता.

आता कोणी सांगितले, की माणूस उडत्या विमानातून उडी मारतो, दहा हजार फुटांवरून खाली येतो, आणि हसत हसत घरी जातो, तर? तुम्ही म्हणाल, मास्तरांचे डोके फिरले. पण ही गोष्ट खरी आहे. ती आमच्या रात्रीच्या वर्गात कशी आली, ते आज सांगतो.

आजीबाईंचे कागद

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. आमच्या वर्गात एक आजीबाई येतात. वय पासष्टच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्या पाटी घेऊन पहिल्यांदा आल्या. आता त्या बाराखडी ओलांडून एसटीची पाटी वाचतात, रेशनचा कागद वाचतात.

एका रात्री त्या वर्गात आल्या त्या हातात कागद घेऊनच. म्हणाल्या, "मास्तर, माहा नातू इमानातून उडी टाकतो म्हणते. कागदावर माहं नाव लिवलं थ्यानं. वाचून पाहा बरं, कुठं काही गोम हाये का?"

त्यांचा नातू पुण्याकडे कारखान्यात कामाला आहे. तो आणि त्याचे चार सोबती सुट्टीत परराज्यात जाऊन अशी उडी मारणार होते. मध्यप्रदेशात उज्जैनला आणि हरियाणात नारनौलला हौशी लोकांसाठी अशा उड्या झालेल्या आहेत. उडीचा अर्ज नातवाच्या मोबाईलवर आला होता. 'काही अपघात झाल्यास कोणाला कळवावे?' असे त्यात विचारले होते. तिथे त्याने आजीचे नाव घातले होते. म्हणून आपल्याच गावातल्या एका मुलाकडून त्याने कागद छापून आजीला पाठवले.

कागद इंग्रजीत होते. आम्ही म्हणालो, "बाई, थोडा दम धरा. आधी ही उडी म्हणजे काय ते समजून घेऊ. मग कागद वाचू. न समजता वाचले तर वाचणे वाया जाते."

माणूस खाली कसा पडत नाही?

वर्गातल्या एका शेतकऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला. "मास्तर, झाडावरून पडलं तं हाड मोडते. हा आभायातून पडते, तरी जगते कसा?"

आम्ही विचारले, "खळ्यात उपणणी करता ना? सुपातून ज्वारी सोडली की काय होते?"

"दाना सरका खाली पडते. भूस उडून दूर जाते."

"भूस का उडते?"

"हलकं असते. वारा त्याले धरते."

अगदी बरोबर! वजन थोडे आणि पसारा मोठा असला, म्हणजे हवा त्या वस्तूला अडवते. माणूस जड आहे. एकटा पडला तर दाण्यासारखा पडेल. पण त्याच्या डोक्यावर मोठे कापड पसरले, तर हवा त्या कापडात अडकते आणि माणूस सावकाश उतरतो. पावसाळी वाऱ्यात छत्री कशी हाताला ओढ देते, ते आठवा. अशा मोठ्या कापडाला पॅराशूट म्हणतात. आपण त्याला हवाई छत्री म्हणू.

ही युक्ती जुनी आहे. १७९७ साली फ्रान्स देशात, पॅरिस शहरी, गार्नेरिन नावाच्या माणसाने फुग्यातून वर जाऊन रेशमी छत्रीने उडी मारली. छत्रीला फार हेलकावे बसले, पण तो जिवंत उतरला. आपल्या देशात १८९० साली कलकत्त्याला रामचंद्र चटर्जी यांनी फुग्यातून अशीच उडी मारली.

आजची छत्री गोल नसते. ती लांबट, चौकोनी असते. तिला गादीसारखे कप्पे असतात. समोरून हवा शिरते आणि कप्पे फुगतात. दोन्ही बाजूंना दोऱ्या असतात. डावी दोरी ओढली की छत्री डावीकडे वळते, उजवी ओढली की उजवीकडे. बैलाच्या कासऱ्यासारखेच समजा.

जोड-उडी म्हणजे काय?

नवा माणूस एकटा उडी मारत नाही. त्याला एका तयार शिक्षकाच्या पुढे बांधतात. नवा माणूस पुढे, शिक्षक त्याच्या पाठीशी. दोन कड्या खांद्यापाशी, दोन कंबरेपाशी, अशा चार ठिकाणी पट्टे जोडतात. छत्री शिक्षकाच्या पाठीवर असते. म्हणजे दोघांत मिळून एकच छत्री. हिला जोड-उडी म्हणावे. १९८० नंतरच्या काळात ही रीत अमेरिकेत सुरू झाली आणि जगभर पसरली.

आता विहिरीतली आपली पहिली उडी आठवा. तिथे दोर होता, इथे पट्टे आहेत. तिथे काठावर मोठा माणूस होता. इथे तो आपल्याबरोबरच उडी मारतो.

शिक्षकाच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. एक नेहमीची, दुसरी अडीअडचणीची. ही दुसरी छत्री घडी घालण्याचे काम परवाना असलेल्या माणसानेच करायचे असते. शिवाय एक छोटे यंत्र असते. जमीन जवळ आली आणि तरीही वेग कमी झाला नाही, तर ते यंत्र अडचणीची छत्री आपोआप उघडते. शिक्षक बेशुद्ध पडला तरी ते काम करते.

बायामाणसांचे काय?

आजीबाईंनी हळूच विचारले, "बायामानसं बी टाकतात का अशी उडी?"

टाकतात तर! १९५९ साली हवाई दलातील डॉक्टर गीता चंदा यांनी छत्रीने उडी मारली. अशी उडी मारणाऱ्या त्या आपल्या देशाच्या सैन्यदलांतील पहिल्या महिला होत.

आपल्या मराठी मुलुखातले नाव म्हणजे पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ या दिवशी त्यांनी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी मारली. त्या वेळी त्या अवघ्या २१ वर्षांच्या होत्या. तिथे सगळीकडे बर्फ. थंडी शून्याच्या खाली ३७ अंश. आपल्याकडे पौषात पारा ८ अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. मग ती थंडी कशी असेल? आणि ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती! डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून उडी मारली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट शिखराच्या समोर २१,५०० फुटांवरून उडी मारली.

पण आमच्या वर्गातल्या बायांना सगळ्यांत आवडली ती वेगळीच गोष्ट. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंड देशात शीतलताईंनी चक्क नऊवारी नेसून उडी मारली, १३,००० फुटांवरून. बाया खुदुखुदू हसल्या. एक म्हणाली, "अव बाई, लुगडं उडलं नाही का?" प्रश्न बरोबर आहे. एवढ्या वाऱ्यात सैल पदर छत्रीत अडकला तर जिवावर बेतेल. म्हणून लुगडे घट्ट नेसून, त्यावर छत्रीचे पट्टे, डोक्याला टोप, डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, असा सगळा जामानिमा करावा लागला. धाडस आपल्याला दिसते. त्याच्या आधीची तयारी दिसत नाही.

शीतलताईंची पहिली उडी ध्रुवावर झाली, म्हणून आपणही तसे करावे, असे मात्र नाही. त्यांचे धाडस त्यांचे. हौशी माणसाने जोड-उडीनेच सुरुवात करावी. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी २०१४ साली आपल्या ९० व्या वाढदिवशी उडी मारली. तेव्हा त्यांना चालताही येत नव्हते. त्यांनीही शिक्षकाला बांधूनच उडी मारली.

उडीची तयारी

दुसऱ्या रात्री आम्ही फळ्यावर तयारी लिहिली. सगळ्यांनी पाटीवर उतरवून घेतली.

शरीराची तयारी. वय १८ च्या पुढे हवे. वजनाला मर्यादा असते, कारण एका छत्रीला दोघांचा भार घ्यायचा असतो. बहुतेक ठिकाणी नव्वद ते शंभर किलोच्या पुढच्या माणसाला घेत नाहीत. हृदयविकार, रक्तदाब, फेफरे, पाठीचे दुखणे, नुकतेच झालेले ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. पोटुशी बाईने जाऊ नये. सर्दी असेल तरीही थांबावे. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना कानांत दडे बसतात ना? इथे तर त्याहून कितीतरी जास्त उंची काही मिनिटांत उतरायची असते. सर्दीने कान बंद असतील तर पडद्याला इजा होते.

पोटाची तयारी. उपाशी जाऊ नये. उपाशी माणसाला भोवळ येते. पण पोट तडस लागेपर्यंतही जेवू नये. हलके खावे, पाणी प्यावे, रात्री पुरती झोप घ्यावी. दारूच्या थेंबाला शिवू नये, आदल्या रात्रीही नाही.

कपड्यांची तयारी. अंगाला बसणारे कपडे घालावे. पायात नाडीचे बूट हवेत, चप्पल नको. ती वरूनच उडून जाईल. अंगठी, माळ, कानातले घरी ठेवावे. खिसे रिकामे करावे. वर थंडी असते. दर हजार फुटांना पारा सुमारे दोन अंश उतरतो. म्हणजे खाली ३० अंश असेल, तर दहा हजार फुटांवर १० अंश.

जमिनीवरचा सराव. विमानात बसण्याआधी शिक्षक जमिनीवर सगळे करून दाखवतो. दारातून निघताना हात छातीवर, पट्ट्यांना धरून. डोके मागे, शिक्षकाच्या खांद्याला टेकलेले. पोट पुढे आणि पाय मागे वळवलेले. शरीराला पालथ्या केळ्यासारखा बाक हवा. शिक्षकाने खांद्यावर थाप मारली की हात पसरायचे. शेवटी उतरताना दोन्ही पाय उचलून समोर धरायचे, म्हणजे शिक्षकाचे पाय आधी टेकतात किंवा दोघे मिळून बसत बसत उतरतात. हे पाय उचलणे विसरले तर घोटा मोडतो. म्हणून शिक्षकाने एकदा सांगितले तरी आपण तीनदा करून पाहावे. समजले नाही तर विचारावे. विचारण्याची लाज धरू नये.

प्रत्यक्ष उडी

विमान वर चढायला दहा-पंधरा मिनिटे किंवा थोडा अधिक वेळ घेते. वर गेल्यावर शिक्षक चारही कड्या पुन्हा तपासतो. दार उघडते. वारा भणाणतो. दोघे दारात येतात आणि बाहेर पडतात.

पडताच शिक्षक एक लहानशी छत्री मागे सोडतो. दोघांचे वजन मिळून वेग फार वाढू नये, म्हणून ही छत्री. तरीही वेग तासाला सुमारे २०० किलोमीटर असतो. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. त्यावरून अंदाज करा. दहा हजार फुटांवरून उडी असेल, तर हे पडणे सुमारे अर्धा मिनिट चालते. शिक्षकाच्या मनगटावर उंची दाखवणारे घड्याळ असते. पाच हजार फुटांच्या आसपास तो मोठी छत्री उघडतो. एक झटका बसतो आणि एकदम शांतता होते. मग पाच-सहा मिनिटे घारीसारखे तरंगत खाली यायचे. शेते, नाले, रस्ते, सगळे गोधडीच्या ठिगळांसारखे दिसते.

कागद वाचला तेव्हा

तिसऱ्या रात्री आम्ही अर्जाचे मराठी केले आणि फळ्यावर लिहिले. आजीबाई उभ्या राहिल्या. बोट फिरवत, अक्षर लावत त्यांनी मोठ्याने वाचले.

"या उ-डीत इजा हो-ऊ शकते. मृ-त्यू-ही होऊ शकतो. हे मला समज-ले आहे. मी स्व-खुशीने सही कर-तो."

वर्ग गप्प झाला. 'मृत्यू' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. नंतर त्या म्हणाल्या, "मास्तर, तीस वर्सं झाले. मालकानं एका कागदावर अंगठा देल्ला. आमाले कोनी वाचून दाखवलं नाही. दोन एकर गेलं. आता मले वाचता येते. पुढचं बी लिवा."

पुढे दुखण्यांची यादी होती. प्रत्येकापुढे नातवाने 'नाही' लिहिले होते. हृदयविकार? नाही. फेफरे? नाही. 'पूर्वी कधी खांदा निखळला आहे काय?' नाही.

आजीबाईंचे बोट तिथेच थांबले.

"हे खोटं हाये," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी कबड्डीत नातवाचा उजवा खांदा निखळला होता. त्यानंतर पोते उचलतानाही एकदा निखळला. आजीनेच हळद लावली होती, आजीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती. आम्ही सांगितले, की वरच्या वाऱ्यात हात पसरले म्हणजे खांद्यावर मोठा ताण येतो. एकदा निखळलेला खांदा तिथे पुन्हा निखळू शकतो. आणि शिक्षकाला ते माहीतच नसेल, तर तो तरी काय काळजी घेणार?

आजीबाईंनी वर्गातूनच फोन लावला. "बाप्पा, तुहा खांदा निखयला व्हता ना? मंग 'नाही' कामून लिवलं?"

नातू म्हणाला, "आजी, खरं लिहिलं तर ते मला घेणारच नाहीत. पैसेही भरले आहेत."

"नाही घेतलं तं जमिनीवर राहाशीन. घरी तं येशीन. कागदावर माहं नाव हाये. खोट्या कागदावर म्या माहं नाव राहू देत नाही."

मंडळी, आम्ही पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. पुष्कळ मुलांना परीक्षेत पास होताना पाहिले. पण वाचनाचा इतका चोख उपयोग करणारा विद्यार्थी आम्ही क्वचितच पाहिला.

नातू आठ दिवस रुसला. फोन उचलेना. मग त्याने डॉक्टरांना खांदा दाखवला. डॉक्टरांनी सांगितले, यंदा उडी नको. रोज व्यायाम करा, पुन्हा तपासू, मग ठरवू. सोबती गेले, तोही गेला, पण खाली उभा राहून त्याने त्यांच्या छत्र्या उतरताना पाहिल्या. त्याचे भरलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. त्याची हळहळ त्याला आहे. खांद्याचा व्यायाम मात्र तो नेमाने करतो. उडी अजून व्हायची आहे. पुढे काय होईल, ते डॉक्टर ठरवतील.

आजीबाई म्हणतात, "थो जाईन तवा म्या बी पाह्याले जाईन. पन कागद पयले मले वाचू द्यावा."

ध्यानात ठेवा

आपल्यापैकी फार थोडे लोक विमानातून उडी मारतील. पण सही सगळ्यांनाच करावी लागते. कर्जाचा कागद, पीकविम्याचा कागद, ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात देतात तो कागद. प्रत्येक सही ही एक उडीच आहे. सही करण्याआधी चार गोष्टी करा.

१. कागद स्वतः वाचा. वाचता येत नसेल अशा भाषेत असेल, तर भरवशाच्या माणसाकडून वाचून घ्या.
२. न समजलेला शब्द विचारा. समजेपर्यंत सही करू नका.
३. विचारलेले खरे सांगा. दुखणे लपवू नका.
४. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका.

शब्दांचे अर्थ

स्वखुशीने – आपल्या मर्जीने, कोणाच्या दबावाशिवाय
मर्यादा – ज्याच्या पुढे जाऊ नये ती हद्द
परवाना – काम करण्याची सरकारी किंवा अधिकृत परवानगी
जामानिमा – सगळा पोशाख आणि साहित्य
ध्रुव – पृथ्वीचे वरचे आणि खालचे टोक

प्रश्न

१. उपणणीत भूस दूर का उडते? छत्री माणसाला कशी तारते?
२. जोड-उडीत पट्टे किती ठिकाणी जोडतात?
३. सर्दी असताना उडी का मारू नये?
४. नातवाने कोणती गोष्ट लपवली? त्यामुळे काय झाले असते?
५. तुम्ही आजीबाईंच्या जागी असता, तर काय केले असते? घरी बोला आणि पाच ओळी लिहा.

करून पाहा

घरात सही किंवा अंगठा असलेला एखादा जुना कागद असेल, तो शोधा. उद्या वर्गात घेऊन या. आपण तो मिळून वाचू.